नदीपलीकडची पदवी

राजुरा आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, यांच्यामध्ये वर्धा नदी आहे. आज पुलावरून गाडी कधी पार झाली ते कळतही नाही, पण 1948 पर्यंत ही नदी निजामाची सरहद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. शंभर कलदार हवे असतील तर हालीचे एकशे सोळा रुपये आणि वर काही आणे मोजावे लागत. चांद्याची माणसं इकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत आणि त्यात कौतुकाचा भाग फारसा नसे. राजुरा हा त्या मोगलाईतल्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका. बोली मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी. दरबारची भाषा उर्दू.

अशा गावातून एखाद्या पोराला पदवी घ्यायची झाली तर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. रीतसर वाट दक्षिणेला, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे. जवळची वाट उत्तरेला, नागपूरच्या मॉरिस किंवा हिस्लॉप कॉलेजकडे, पण ते परराज्य. दोन्हीकडे राहण्याखाण्याचा खर्च घरचाच. मुळात मॅट्रिकपर्यंत पोचणारी पोरंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

उच्च शिक्षणाचा खर्च करदात्यानं सोसायचा की शिकणाऱ्यानं, हा वाद आपल्याकडे नेहमी शहराच्या नजरेतून चालतो. एका बाजूला 'आमच्या करावर हे शिकतात' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'शिक्षण हा हक्क आहे' म्हणणारे. राजुऱ्याच्या बाजूनं पाहिलं की हिशेबाचा क्रमच वेगळा निघतो. इथल्या माणसानं पैसे आधी भरले: शेतसाऱ्यात, अबकारीत, जंगलाच्या उत्पन्नात. कॉलेज त्यानं फार उशिरा पाहिलं, आणि ते दिसायला लागलं तेव्हा बिल पुन्हा त्याच्याच हातात द्यायची तयारी सुरू झाली होती.

ही तक्रार पहिल्यांदा नेमकेपणानं मांडली जोतीराव फुल्यांनी. 19 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीतला मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याच्या जिवावर हे चाललं आहे त्याच्या पोराला मात्र गावात साधी शाळा नाही, असा त्यांचा मुद्दा. फुल्यांचं हे निवेदन आजकाल 'उच्च शिक्षणाचं अनुदान बंद करा' म्हणणारेही पुढे करतात. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलेलं नसावं. त्याच निवेदनात फुले सांगतात की सरकारनं शाळा-कॉलेजांमधून अंग काढून घेणं घातक ठरेल. आणि शिष्यवृत्त्या नुसत्या चढाओढीवर न ठेवता, ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही राखून ठेवाव्यात. म्हणजे त्यांचं भांडण कॉलेजशी नव्हतं. पैसा कोणाचा आणि बाकावर कोण, या दोन याद्यांत एकही नाव सारखं नाही, हे त्यांचं दुखणं होतं.

निजामाच्या राज्यात त्या दोन याद्या एकमेकींपासून आणखी लांब गेल्या. 1918 मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं म्हणून गाजलं, आणि ते धाडस खरंच मोठं होतं. विज्ञान आणि वैद्यकाची पुस्तकं उर्दूत करून घेण्यासाठी तिथे स्वतंत्र भाषांतर खातं चाललं. पण संस्थानात जवळपास निम्मी प्रजा तेलुगू, पावएक मराठी, आणि उर्दू बोलणारे त्यांच्या मानानं थोडे. आदिलाबादच्या गोंडानं मोहाच्या दारूवरचा कर भरायचा, राजुऱ्याच्या कुणब्यानं सारा भरायचा, आणि त्यातून चालणाऱ्या विद्यापीठात शिरायचं तर त्याच्या पोरानं आधी तिसऱ्याचीच भाषा पक्की करायची. फी किती, हा प्रश्न पुढचा. दाराशीच फीपेक्षा मोठी अट होती.

गोंडांच्या बाबतीत तर सरकारला शाळा सुचली ती गोळीबारानंतर. राजुऱ्याच्याच जिल्ह्यात जोडेघाटला 1940 मध्ये गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला. जंगल राखीव करत करत गोंड-कोलामांना शेतातून उठवलं जात होतं, त्याविरुद्धचं ते बंड. बंड मोडल्यावर निजाम सरकारनं कारणं शोधायला माणूस पाठवला तो क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ, महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडलेला. त्यानं जमिनीचे पट्टे मागितले आणि शाळाही मागितल्या. 1943 च्या सुमारास त्याच जिल्ह्यातल्या मारलावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. आसपास मराठी ऐकून-वाचून थोडीफार अक्षरं शिकलेले गोंड तरुण हुडकून त्यांनाच मास्तर केलं आणि गोंडी वाचनमाला छापली ती देवनागरीत. या कामात पुढे उतरलेले एक अधिकारी आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी. त्यांनी गोंडी शिकून घेतली, तिच्यावर लिहिलं. तीन पिढ्या कर देणाऱ्यांच्या पदरात पहिली बाराखडी पडली ती अशी. पदवी अजून लांबच.

त्याआधीच नदीवरून एक वेगळी वाहतूक झाली होती. 1938 च्या नोव्हेंबरात आधी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्'चं प्रकरण पेटलं. प्रार्थनेच्या खोलीत हे गीत म्हणायला विद्यापीठानं बंदी केली, मुलांनी ती मोडली, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली. परीक्षा तोंडावर आलेली, परतीचं दार बंद. त्यांना घेतलं नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू होते टी. जे. केदार. हैदराबादहून नागपूरला रेल्वेनं यायचं तर काझीपेठ-बल्लारशहा हा सरळ मार्ग, दहाएक वर्षांपूर्वीच जोडला गेलेला. विरूर, माणिकगड ही राजुरा तालुक्यातली स्टेशनं मागे टाकून गाडी वर्धेच्या पुलावर चढते आणि बल्लारशहाला उतरते. म्हणजे निजामाच्या हद्दीतून सुटायचं तर शेवटचा तालुका राजुराच.

वरंगळकडच्या ज्या विद्यार्थ्यांवर त्या आंदोलनापायी गाव सोडायची वेळ आली, त्यांतले एक पी. व्ही. नरसिंहराव. नागपूरनं त्यांना आसरा दिला आणि पुढे कायद्याची पदवीही त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली. पैशाच्या नजरेनं हे प्रकरण फारसं कोणी पाहिलेलं नाही. मध्य प्रांताच्या करदात्यानं परक्या राज्याची प्रजा आपल्या विद्यापीठात बसवून घेतली आणि 'यांचे वडील आम्हाला सारा कुठे देतात?' असं विचारलं नाही. आज हेच विद्यार्थी आले असते तर पहिल्या खिडकीवरच डोमिसाइल मागितलं असतं.

नागपूर विद्यापीठाची मिळकत तरी कुठली होती? सरकारी अनुदान, परीक्षा शुल्क आणि काही देणग्या. त्यांतली सर्वांत मोठी कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण या खाणमालकाची. 1930 मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रान्वये सुमारे 35 लाख रुपये विद्यापीठाला आले आणि त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. विदर्भाच्या जमिनीखालून निघालेल्या पैशावर विदर्भाच्या पोरांनी रसायनशास्त्र शिकायचं, हा व्यवहार सरळ होता. राजुऱ्याची जमीनही खनिजानं भरलेली आहे. सास्ती, धोपटाळा, गोवरी इथला कोळसा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथल्या सिमेंटचा चुनखडक. त्या खाणींतून कोणा लक्ष्मीनारायणाचं मृत्युपत्र काही निघालं नाही.

फुल्यांचा हिशेब पुढे नेला तो बाबासाहेबांनी, आणि तोही आकड्यांनिशी. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवलं की कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी 36 टक्के फीमधून वसूल होतो, हायस्कुलांचा 31 टक्के, मिडल स्कुलांचा 26 टक्के. याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटलं. सरकार दरडोई शिक्षणावर 14 आणे खर्च करतं आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक काढतं, निदान अबकारीइतकं तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. फुले म्हणतात वरच्यांच्या कॉलेजवर रयतेचा पैसा उधळू नका. आंबेडकर म्हणतात कॉलेज फीवर चालवू नका. वरवर पाहता दोघं एकमेकांच्या विरुद्ध. पण 1882 ते 1927 या पंचेचाळीस वर्षांत रयतेचं पोर कॉलेजच्या पायरीपर्यंत आलं होतं. ते बाहेर असताना अनुदान अन्याय्य होतं, ते आत शिरू पाहतंय म्हटल्यावर फी अन्याय्य झाली. या वादात तत्त्वापेक्षा पायरीवर कोण उभं आहे हे आधी पाहावं, असं मला वाटतं.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 3 लाखांची तरतूद पदरात पाडून घेतली. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, 1948 मध्ये ती अनुसूचित जमातींनाही मिळाली. कॉलेजात अजूनही 'भारत सरकार आली का?' असं पोरं विचारतात ती हीच. पण चांद्यानं तिचा एक विचित्र पेचही पाहिला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. दीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी माणूस अनुसूचित जातीत राहिला नाही. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा 1960 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या; केंद्राला ते मान्य करायला 1990 उजाडलं.

राजुरा महाराष्ट्रात आला तोही वळसा घेऊन. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबादमधून काढून तो नांदेड जिल्ह्याला जोडला. नकाशा पाहिला तर हा कारभार कोणी केला असं वाटावं. नदी ओलांडली की चांदा, आणि कचेरी नांदेडला! 1959 मध्ये तो चांदा जिल्ह्यात आला आणि नदी एकदाची सरहद्द राहिली नाही. त्याच वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्यानं आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फी माफीची योजना आणली. हीच ती ईबीसी. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फी माफ, जात कोणतीही असो. महाराष्ट्राच्या खेड्यातला पहिला पदवीधर घरोघर निघाला तो या दाखल्याच्या जोरावर. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा आणि कॉलेजच्या क्लार्कपुढे ठेवायचा, एवढाच कारभार.

पुढच्या दशकात नदीपलीकडे वरोऱ्याला आणखी एक प्रयोग झाला. आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी कॉलेज बांधलं, आनंद निकेतन, आणि ते कोणासाठी? बाहेरच्या धडधाकट पोरांसाठी. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं, त्यांनी गावाच्या मुलांना बीएस्सीचे वर्ग बांधून दिले. या व्यवहाराला करदाता-विद्यार्थी या जोडीत बसवायचं कसं, मला माहीत नाही. बाबा आमट्यांना तो प्रश्न पडलाही नसेल.

राजुऱ्यातही आदर्श शिक्षण प्रसारक मंडळाचं श्री शिवाजी महाविद्यालय उभं राहिलं. प्राध्यापकांचे पगार सरकारकडून, फी बेताची, वर ईबीसी नाही तर भारत सरकार. माणिकगडच्या डोंगरातून उतरणारं पोर बीए होऊ लागलं. अर्थात व्हायला लागलं ते बीएच. डॉक्टर-इंजिनियर व्हायचं तर नागपूर, आणि तिथल्या जागा मोजक्या.

1983 मध्ये महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या, दोन्ही वसंतदादा पाटलांच्या काळात. विभागीय असमतोल मोजायला प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. तिनं पुढच्या वर्षी अनुशेष काढला तो एकूण 3186 कोटींचा, त्यात विदर्भाचा 1246 कोटींचा, आणि मोजलेल्या खात्यांत तंत्रशिक्षणही होतं. दुसरी गोष्ट म्हणजे खासगी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी. एका हातानं सरकार मोजत होतं की तुमच्या भागात आम्ही तंत्रशिक्षणावर किती कमी पैसा घातला, आणि दुसऱ्या हातानं सांगत होतं की इथून पुढे तो पैसा आम्ही घालणार नाही, पालकांनी घालावा. वसंतदादांची बाजूही खरी होती: पोरं देणग्या भरायला कर्नाटकात जात होती, पैसा राज्याबाहेर चालला होता. पण कॉलेजं निघाली ती आधी जिथे साखर होती तिथे. चंद्रपूरला सरकारी इंजिनियरिंग कॉलेज मिळालं ते 1996 मध्ये.

'डोनेशन' हा शब्द मराठीत रुळला तो याच वर्षांत. सरकारला 1987 चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयात 1992 मध्ये मोहिनी जैन खटला आला, 1993 मध्ये उन्नीकृष्णन. दुसऱ्या निकालानं तोडगा काढला तो असा: निम्म्या जागा फुकट, निम्म्या पैशाच्या, पैसेवाल्यानं गुणवान गरिबाचा भार उचलावा. कागदावर छान. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठानं तो मोडीत काढला, आणि तेव्हा न्यायालयानं नोंदवलेलं निरीक्षण वाचताना फुले आठवतात. फुकट जागा पटकावत होती ती शहरातली, चांगल्या शाळांतली, खात्यापित्या घरची मुलं. आणि पैसे भरून शिकत होती ती बेताच्या घरची. जमीन विकून, कर्ज काढून खेड्यातला बाप शहरातल्या वकिलाच्या मुलाची फी भरत होता.

मधल्या काळात, 1992-93 मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीनं सांगितलं की विद्यापीठांनी चालू खर्चाच्या निदान 15 टक्के रक्कम फी आणि इतर मार्गांनी स्वतः उभी करावी आणि दहा वर्षांत ती 25 टक्क्यांवर न्यावी. पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंहराव. तिजोरी रिकामी होती, त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. पण बाबासाहेबांनी ज्याला व्यापार म्हटलं होतं त्या 36 टक्क्यांच्या दिशेनं स्वतंत्र भारत निघाला तो नागपूरच्या करदात्यानं एकेकाळी डोमिसाइल न विचारता घेतलेल्या विद्यार्थ्याच्या कारकिर्दीत, हे नोंदवायला हवं.

2000 नंतरची व्यवस्था वेगळीच. सरकार नवी कॉलेजं फारशी काढत नाही; कॉलेज खासगी, फी तिथली, आणि सरकार राखीव प्रवर्गाची फी परत करतं. करदाता पैसे देतोच, फक्त संस्थाचालकाच्या हाती देतो. त्याची परिणती गडचिरोलीनं पाहिली. 2014 च्या अखेरीस तिथे शिष्यवृत्ती घोटाळा बाहेर आला. पोरं कागदावर, वर्ग कागदावर, रक्कम मात्र खरी. पुढे चौकशी राज्यभर पसरली. ज्या जिल्ह्यात पदवीधर शोधावे लागत होते, तिथे विद्यार्थी छापले जात होते!

2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आलं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची पोरं नागपूरच्या फेऱ्यांतून सुटली. 2016 मध्ये वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आली. सुरुवातीचे दर असे: मुंबई-पुणे-नागपूरला वर्षाला 60 हजार, इतर विभागीय शहरांत आणि क वर्ग महापालिकांत 51 हजार, जिल्ह्याच्या गावी 43 हजार. म्हणजे राजुऱ्याशेजारच्या जिवतीच्या कोलाम पोरानं नागपूरला खोली केली तर एक दर, गडचिरोलीला केली तर दुसरा. मला ही योजना आजवरच्या सगळ्यांत शहाणी वाटते, कारण तिनं पहिल्यांदा मान्य केलं की खेड्यातल्या पोराला फीपेक्षा खोलीभाडं आणि खाणावळ जड जाते. पैसे वेळेवर आले असते तर ती शहाणीही ठरली असती.

2024 मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगला आहे. राजुऱ्यातल्या बऱ्याच मुलींना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण त्या बीए, बीकॉमला आहेत आणि तिथली फी आधीच थोडी. त्यांचा खर्च एसटीचा. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीचा पास फुकट असतो. बारावी झाली, कॉलेजात नाव घातलं, की सवलतीचा पास घ्यायचा आणि तिसरा हिस्सा भाडं दर महिन्याला स्वतः भरायचं. जिवती आणि कोरपना हे राजुऱ्यातूनच वेगळे झालेले तालुके. तिथून रोज ये-जा करणारीला ही रक्कम वर्षाकाठी कॉलेजच्या फीच्या वर जाऊ शकते. खाणींनी स्वामित्वधनाखेरीज वेगळ्या भरायच्या रकमेतून चालणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान चंद्रपुरात आहे, आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाच्या अग्रक्रमांतला एक विषय आहे. राजुरा आगारातल्या पासांचं बिल त्या खात्यावर टाकायला नवा कायदा लागणार नाही.